ध्वनिवर्धकाचा स्विच-मोड विद्युत्‌पुरवठा आणि व्यत्ययाचे नियमन

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशकांच्या उजळणी वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर



देवळाच्या जत्रेतील नाटक असो, भजनी मंडळाचा सप्ताह असो, की तियात्राचा प्रयोग असो. ध्वनिवर्धकावाचून आज आपल्या गोव्यात कोणताही कार्यक्रम उभा राहत नाही. या ध्वनिवर्धकांची दुरुस्ती करणारा कारागीर बहुधा आपल्याच संस्थांतून शिकून बाहेर पडलेला असतो. त्याच्या हाती पूर्वी जे यंत्र येई, त्यात लोखंडी पत्र्यांचा एक जड ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि दोन मोठे कपॅसिटर एवढाच विद्युत्‌पुरवठा असे. आता त्या जागी पुष्कळदा स्विच-मोड पुरवठा, म्हणजे ज्याला बाजारात ‘एसएमपीएस’ म्हणतात तो आढळतो. वजनाने हलका, आकाराने लहान, परंतु समजावयास अवघड! परिणामी एक तर संपूर्ण पुरवठा फेकून दिला जातो, किंवा ज्या घटकांचे प्रयोजन उमगले नाही ते काढून टाकून यंत्र कसेबसे चालू केले जाते. यांपैकी दुसरा प्रकार गायकाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणूनच हा विषय मी आज निवडला आहे. पारिभाषिक शब्दांच्या बाबतीत कार्यशाळेत जे रूढ आहेत तेच शब्द मी योजणार आहे.

कंप्रता वाढविण्याचे प्रयोजन

ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यास किती फेरे लागतील, हे चार गोष्टींवर ठरते: विद्युत्‌दाब, कंप्रता, गाभ्याचे क्षेत्रफळ आणि त्या गाभ्यास सोसेल इतकी चुंबकीय घनता. १० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाचा लोखंडी गाभा घेतला व त्यातील घनता १.२ टेस्ला धरली, तर २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झ या पुरवठ्यासाठी सुमारे ८६० फेरे द्यावे लागतात. आता कंप्रता १०० किलोहर्ट्‌झ केली तर काय होईल? लोखंडी पत्रा या कंप्रतेस उपयोगी नाही. तो तापून निकामी होईल. तेथे फेराइटचा गाभा हवा. टोकियो येथील कातो व ताकेई यांनी १९३० च्या सुमारास फेराइटवर मूलभूत काम केले आणि त्यातूनच १९३५ मध्ये टीडीके ही कंपनी उभी राहिली. फेराइटची घनता आपण जेमतेम ०.१ टेस्ला धरतो. तरीही केवळ सव्वा चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाच्या गाभ्यावर, अर्धसेतू रचनेतील १६२ व्होल्टसाठी, सुमारे ३३ फेरे पुरतात. आठशे साठ फेऱ्यांच्या जागी तेहतीस! हलकेपणाचे रहस्य एवढेच आहे.

तारेच्या निवडीतही फरक पडतो. १०० किलोहर्ट्‌झला तांब्यातील प्रवाह पृष्ठभागापासून सुमारे ०.२ मिलिमीटर खोलीपर्यंतच मुख्यत्वे वाहतो. म्हणून एक जाड तार निरुपयोगी ठरते. अनेक बारीक तारा एकत्र पिळून वापराव्या लागतात. जळालेला ट्रान्सफॉर्मर पुन्हा भरताना ‘तेवढ्याच जाडीची एक तार’ घातली, तर फेरे बरोबर असूनही तो तापतो, याचे कारण हे होय.

पुरवठ्याचा क्रम आपण थोडक्यात पाहू. आलेली २३० व्होल्टची विद्युत् प्रथम फिल्टरमधून जाते. नंतर डायोडच्या सेतूतून ती एकदिश होऊन कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. हा दाब दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने सेकंदास लाखभर वेळा चालू-बंद करतात. ते स्पंद फेराइटच्या ट्रान्सफॉर्मरमधून उतरून पुन्हा एकदिश होतात आणि ध्वनिवर्धकास मिळतात. दाब स्थिर राखण्याचे काम स्पंदांची रुंदी किंवा कंप्रता बदलून केले जाते. रुंदी बदलण्याचे हे सर्व काम एका चिपमध्ये सामावणारा एसजी १५२४ हा नियंत्रक १९७६ मध्ये आला. १९७७ च्या ॲपल-२ या संगणकात स्विच-मोड पुरवठा होता. तेथून ही पद्धती घरोघरच्या उपकरणांत पसरली.

संगीताची मागणी निराळी

संगणकास लागणारी शक्ती बरीचशी सम असते. संगीताचे तसे नाही. तबल्याची थाप, पखवाजाचा घुमारा, ढोलावरील टिपरू या क्षणी मागणी एकदम उसळते व पुढच्या क्षणी ओसरते. म्हणून ध्वनिवर्धकाच्या पुरवठ्यास एकच आकडा लावून चालत नाही.

उदाहरणादाखल ८ ओहमच्या लाउडस्पीकरला प्रत्येकी १०० वॉट देणारी दोन शाखांची, एबी वर्गाची, धन-ऋण ४५ व्होल्टवर चालणारी रचना घेऊ. १०० वॉटला लाउडस्पीकरवरील शिखरदाब ४० व्होल्ट व शिखरप्रवाह ५ अँपिअर असतो. दोन्ही शाखा पूर्ण शक्तीने सलग चालविल्या, तर पुरवठ्यावर सरासरी सुमारे २८६ वॉटचा भार पडतो. परंतु दोन्ही शाखांची शिखरे एकाच क्षणी आली, तर त्या क्षणीची मागणी ४५० वॉट होते. उलट, सामान्य संगीताची सरासरी पूर्ण शक्तीच्या आठव्या हिश्शाएवढी धरली, तर सरासरी भार केवळ १०० वॉटच्या आसपास राहतो.

यावरून तीन निरनिराळ्या मर्यादा ठरतात. उष्णता वाहून नेण्याची सोय १०० ते १५० वॉटसाठी असावी. अर्धा मिनिटभर ३०० वॉट निघाले तरी ट्रान्सफॉर्मर व डायोड सुरक्षित राहिले पाहिजेत. आणि ४५० वॉटच्या क्षणिक उसळीस प्रवाह-मर्यादक मंडलाने पुरवठा बंद पाडता कामा नये. पुष्कळ स्वस्त पुरवठ्यांत हा तिसरा विचारच केलेला नसतो. त्यांच्यावर ‘३०० वॉट’ असा शिक्का असतो, परंतु पखवाजाच्या थापेसरशी आवाज क्षणभर तुटतो. अशा वेळी दोष ध्वनिवर्धकात शोधणे व्यर्थ होय.

‘जुन्या पुरवठ्यातील मोठ्या कपॅसिटरमुळेच ठेक्याला जोर येतो’, असा एक समज रूढ आहे. तो तपासून पाहू. कपॅसिटरमधील ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४५ व्होल्टवरील १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये सुमारे १० ज्यूल ऊर्जा असते. ३२५ व्होल्टवरील एकंदर २२० मायक्रोफॅरडमध्ये ती साडेअकरा ज्यूलपेक्षा अधिक भरते. म्हणजे साठा नाहीसा झालेला नाही, तो प्राथमिक बाजूस गेला आहे. जुन्या पुरवठ्यात कपॅसिटर दर १० मिलिसेकंदांनी भरला जाई. येथे दुय्यम बाजूचे कपॅसिटर दर पाच मायक्रोसेकंदांनी भरले जातात. त्यामुळे ते लहान असूनही पुरे पडतात, मात्र त्यांचा अंतर्गत रोध अत्यल्प असला पाहिजे.

ग्रामीण भागातील कमी दाबाचाही विचार करावा. २३० ऐवजी १७० व्होल्ट मिळाले, तर जुन्या पुरवठ्याचे ४५ व्होल्ट ३३ वर येतात आणि ध्वनिवर्धकाची शक्ती जवळजवळ निम्मी होते. नीट योजलेला, दाब स्थिर राखणारा स्विच-मोड पुरवठा मात्र ४५ व्होल्ट सोडत नाही. परंतु त्यासाठी तो तारेतून अधिक प्रवाह ओढतो, हे विसरता कामा नये. मंडपातील बारीक जोडतारा तापण्याचे हे एक कारण आहे.

व्यत्ययाचा उगम

आता मुख्य विषयाकडे वळू. सेकंदास लाख वेळा ३२५ व्होल्टची उघडझाप करणारे यंत्र स्वभावतःच एक लहानसे प्रक्षेपण केंद्र असते. १०० किलोहर्ट्‌झच्या चौकोनी लहरीत तिच्या अनेक पटींच्या कंप्रता असतात. ६००, ७००, ८०० किलोहर्ट्‌झ या पटी थेट रेडिओच्या मध्यलहरींत येतात. लहरीची कड जितकी तीव्र, तितक्या या पटी दूरवर पोहोचतात. कड ५० नॅनोसेकंदांची असेल, तर सुमारे ६ मेगाहर्ट्‌झनंतरच त्यांचा जोर झपाट्याने ओसरू लागतो. १५० नॅनोसेकंदांची असेल, तर हा उतार सुमारे २ मेगाहर्ट्‌झपासूनच सुरू होतो. म्हणून गरजेपेक्षा वेगाने स्विच चालविणे हा दोषच समजावा. अनुनादी रचनेत ट्रान्झिस्टरवरील दाब शून्यावर आल्यावर तो चालू केला जातो. तिचे चालन सौम्य असल्याने ध्वनिकार्यासाठी ती अधिक पसंत केली जाते.

व्यत्यय दोन वाटांनी चालतो. पहिल्या वाटेने तो फेज तारेतून जातो व न्यूट्रल तारेतून परत येतो. दुसऱ्या वाटेने तो दोन्ही तारांतून एकाच दिशेने जातो व जमिनीवाटे, कॅबिनेटवाटे किंवा मायक्रोफोनच्या तारेवाटे परततो. ही दुसरी वाट अधिक फसवी आहे, कारण तिचा मार्ग नकाशावर काढलेला नसतो. ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक व दुय्यम वेटोळ्यांमध्ये समजा ५० पिकोफॅरडची धारिता आहे. ३२५ व्होल्टचा बदल ५० नॅनोसेकंदांत झाला, तर या नगण्य वाटणाऱ्या धारितेतून क्षणभर सुमारे एक तृतीयांश अँपिअर प्रवाह वाहतो! त्याला परतीची जवळची वाट आपण दिली नाही, तर तो गायकाच्या मायक्रोफोनच्या तारेवरून स्वतःची वाट काढतो.

उपाययोजना

सर्वांत चांगला उपाय उगमाशीच करावयाचा असतो. ३२५ व्होल्टचा कपॅसिटर, ट्रान्झिस्टर आणि ट्रान्सफॉर्मर यांतून वाहणाऱ्या प्रवाहाचे कडे शक्य तितके आखूड व अरुंद ठेवावे. १० सेंटिमीटर तारेचे प्रवर्तन सुमारे १०० नॅनोहेन्री असते. १० मेगाहर्ट्‌झला त्याचा विरोध सहा ओहमवर जातो. ‘तार जोडली आहे ना, मग झाले’ हा न्याय येथे लागू पडत नाही.

ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांमध्ये तांब्याच्या पातळ पट्टीचा एक पडदा घालावा आणि तो प्राथमिक बाजूच्या ऋण टोकास जोडावा. म्हणजे तो एक तृतीयांश अँपिअर आतल्या आत परततो. मात्र या पट्टीची दोन टोके एकमेकांस चिकटू देऊ नयेत. त्यांमध्ये विसंवाहक ठेवावा. अन्यथा तो एक जुळलेला फेरा होऊन ट्रान्सफॉर्मर क्षणात जळेल. तसेच ट्रान्झिस्टर व त्याचे हीटसिंक यांमधील अभ्रकाच्या चकतीचीही धारिता असते. हे हीटसिंक बाहेरच्या कॅबिनेटचाच भाग असेल, तर व्यत्यय थेट कॅबिनेटवर उतरतो.

त्यानंतर फिल्टर. फेज व न्यूट्रल यांमध्ये जोडावयाचा कपॅसिटर ‘एक्स’ वर्गाचा असतो. फेज किंवा न्यूट्रल आणि अर्थ यांमध्ये, अथवा प्राथमिक व दुय्यम बाजूंमध्ये जोडावयाचा कपॅसिटर ‘वाय’ वर्गाचा असतो. एकाच गाभ्यावर दोन वेटोळी असलेला चोक हा फिल्टरचा तिसरा घटक. त्यात कामाच्या प्रवाहाची चुंबकीयता परस्परांस छेदते व केवळ दुसऱ्या वाटेच्या व्यत्ययास विरोध होतो. दुरुस्तीच्या वेळी हा चोक काढून दोन तारांनी साधलेला पुष्कळदा आढळतो. यंत्र तरीही चालते. बिघडतो तो शेजाऱ्याचा रेडिओ.

याबाबत आंतरराष्ट्रीय मर्यादा ठरलेल्या आहेत. सीआयएसपीआर ही समिती १९३४ मध्ये स्थापन झाली. तिच्या ३२ क्रमांकाच्या मानकात ध्वनी व दृश्य उपकरणांचा समावेश होतो. घरगुती वर्गासाठी तारेवरून जाणारा व्यत्यय १५० किलोहर्ट्‌झपासून ३० मेगाहर्ट्‌झपर्यंत मोजतात. १५० किलोहर्ट्‌झला तो सुमारे २ मिलिव्होल्टच्या, तर ५०० किलोहर्ट्‌झपासून ५ मेगाहर्ट्‌झपर्यंत सुमारे ०.६ मिलिव्होल्टच्या आत असावा लागतो. ३२५ व्होल्टची उघडझाप करणाऱ्या यंत्राने बाहेर दोन मिलिव्होल्टदेखील सोडू नये, अशी ही अपेक्षा आहे! अनेक पुरवठे ६५ किलोहर्ट्‌झवर का चालविले जातात, याचेही उत्तर येथे मिळते. त्यांची दुप्पट कंप्रता १३० किलोहर्ट्‌झ, म्हणजे मोजमापाच्या पट्ट्याबाहेर राहते.

ऐकू येणारा दोष

‘१०० किलोहर्ट्‌झ कानाला ऐकू येत नाहीत, मग चिंता कशाची?’ असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्याची उत्तरे तीन आहेत. पहिले, दोन कंप्रता एकत्र आल्या की त्यांच्या फरकाची कंप्रता निर्माण होऊ शकते. डी वर्गाचा ध्वनिवर्धक ४०० किलोहर्ट्‌झवर व पुरवठा १००.५ किलोहर्ट्‌झवर चालत असेल, तर पुरवठ्याची चौथी पट ४०२ होते आणि २ किलोहर्ट्‌झची बारीक शिटी ऐकू येते. दोहोंची कंप्रता एकाच आंदोलकाकडून बांधून घेणे हा त्यावरील उपाय होय. दुसरे, भार अत्यल्प असताना काही नियंत्रक थांबून थांबून स्पंद सोडतात. ही थांबण्याची लय ऐकू येण्याच्या पट्ट्यात येते व शांततेत कुरकुर ऐकू येते. तिसरे, मायक्रोफोनच्या तारेवर आलेली उच्च कंप्रता पहिल्या ट्रान्झिस्टरच्या संधीत एकदिश होते आणि तिचे चढउतार ध्वनी म्हणून बाहेर पडतात. यासाठी प्रवेशापाशीच लहान रोध व शंभरएक पिकोफॅरडचा कपॅसिटर द्यावा. तारेचे जाळीदार आवरण छापील मंडलापर्यंत न नेता प्रवेशाच्या जागीच कॅबिनेटला जोडावे. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला. आवरण मंडलातून फिरविल्याने होणारा उपद्रव त्यांच्यामुळे सर्वत्र ओळखला जाऊ लागला.

अर्थची पिन तोडू नये

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी मुख्यत्वे उभा आहे, तिच्याकडे येतो. दोन उपकरणे दोन निरनिराळ्या ठिकाणांहून अर्थ घेतात तेव्हा ५० हर्ट्‌झची घरघर ऐकू येते. ती थांबविण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याची प्रथा मंडपांतून बोकाळली आहे. घरघर थांबते हे खरे; परंतु त्याचे मोल काय?

फिल्टरमधील दोन ‘वाय’ कपॅसिटर अर्थच्या तारेस जोडलेले असतात. अर्थ तुटला की कॅबिनेट त्या दोहोंच्या मध्यावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगू लागते. प्रत्येक कपॅसिटर २.२ नॅनोफॅरडचा असेल, तर स्पर्श करणाऱ्यास सुमारे ०.१६ मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. एकट्याचा तो जाणवणारही नाही. परंतु अशी दहा उपकरणे एकाच पट्टीवर असून त्या पट्टीचा अर्थ तुटला असेल, तर दीड मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह गायकाच्या ओठांवाटे ओल्या जमिनीत उतरतो. अर्ध्या मिलिअँपिअरपासून माणसास झिणझिण्या जाणवू शकतात. इथवरही प्राणभय नाही. मात्र त्याच वेळी एखाद्या ‘वाय’ कपॅसिटरच्या जागी कोणी साधा सिरॅमिक कपॅसिटर बसविलेला असेल आणि तो आतून जुळला, तर मायक्रोफोनवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. ‘वाय’ वर्गाची बांधणी अशा रीतीने न जुळण्यासाठीच केलेली असते. वरून सारखे दिसणारे हे दोन कपॅसिटर म्हणजे जीवन आणि मरण यांमधील अंतर होय.

घरघरीवर निर्धोक उपाय उपलब्ध आहेत. रंगमंचावरील व ध्वनिनियंत्रकाजवळील सर्व उपकरणांना एकाच वितरण फलकावरून वीज द्यावी. लांबच्या तारा संतुलित प्रकारच्या असाव्यात. तरीही घरघर राहिली, तर ध्वनीच्या तारेत लहानसा विलगक ट्रान्सफॉर्मर घालावा. तोडावयाचाच असेल तर ध्वनीच्या तारेतील संबंध तोडावा, विजेच्या तारेतील अर्थ कदापि नव्हे. आणि फलकावर ३० मिलिअँपिअरचा अर्थ लीकेज ब्रेकर असल्यावाचून कोणत्याही गायकाच्या हाती मायक्रोफोन देऊ नये.

कार्यशाळेतील शिस्त

शेवटी निदेशकांसाठी काही सूचना. दुरुस्त केलेला पुरवठा प्रथमच चालू करताना १०० वॉटचा तंतूचा दिवा सिरीजमध्ये ठेवावा. दिवा क्षणभर उजळून मंद झाला, तर पुढे जावे. तेजाने जळतच राहिला, तर आत कोठेतरी शॉर्ट आहे असे समजावे. वीज बंद केल्यावरही ३२५ व्होल्टचा कपॅसिटर भरलेला असतो. २२० मायक्रोफॅरडला २२० किलोओहमचा निचरा रोध असला, तरी दाब ४० व्होल्टवर येण्यास पावणेदोन मिनिटे लागतात; आणि तो रोधच तुटलेला असला तर दाब कितीतरी वेळ टिकून राहतो. म्हणून मीटरने मोजल्यावाचून हात लावू नये. ऑसिलोस्कोपची अर्थची चिमटी प्राथमिक बाजूस लावणे म्हणजे स्फोटास आमंत्रण होय. विलगक ट्रान्सफॉर्मरवाचून ते मोजमाप करूच नये. प्राथमिक व दुय्यम बाजूंच्या पट्ट्यांत निदान ६, शक्यतो ८ मिलिमीटर अंतर राखावे. आपल्या किनारपट्टीच्या खारट, दमट हवेत मंडलावर धूळ व क्षार साचतात. ते वर्षातून एकदा तरी स्वच्छ करावेत.

व्यत्यय मोजण्याची महाग साधने प्रत्येक संस्थेत नसतील. परंतु मध्यलहरींचा एक साधा खिशातील रेडिओ जवळ नेऊन फिरविला, तरी फिल्टर असलेला व नसलेला पुरवठा यांतील फरक विद्यार्थ्यास कानाने कळतो. असा प्रयोग एकदा करून दाखवावा. त्यानंतर तो चोक काढून टाकण्याचे धाडस विद्यार्थी सहसा करणार नाही.

यंत्र चालू करून देणे ही दुरुस्तीची पहिली पायरी झाली. ते शेजाऱ्यास उपद्रव न देता, आणि हाताळणाऱ्याच्या जिवास धोका न पोहोचविता चालावे, तेव्हाच दुरुस्ती पुरी झाली असे म्हणता येईल. हा विवेक आपण आपल्या विद्यार्थ्यांत रुजवावा, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.